नारिंग (शब्द)

नारिंग हे एका लिंबूवर्गीय फळाचे मराठी नाव असून हा शब्द नपुंसकलिंगी आहे. तो संस्कृत ‘नारंग’ या शब्दावरून आला आहे. संस्कृतातील शब्द मूळचा द्राविडी असावा, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. फारसी ‘नारंग’, अरबी ‘नारंज’, स्पॅनिश ‘नारांहा’, पोर्तुगीज ‘लारांजा’, इटालियन ‘आरांचा’, फ्रेंच ‘ओरांझ’ आणि इंग्रजी ‘ऑरेंज’ ही सर्व याच शब्दाची रूपे होत. भारतातून निघून युरोपच्या पश्चिम टोकापर्यंत पोहोचलेल्या मोजक्या फळनामांत त्याची गणना होते.

आजच्या मराठीत मात्र बाजारातील फळाला ‘संत्रे’ किंवा ‘मोसंबी’ म्हणतात आणि ‘नारिंग’ हा शब्द बोलण्यात क्वचितच येतो. ‘नारिंगी’ या रंगाच्या नावात तो टिकून आहे. हे केवळ मराठीत घडलेले नाही. हा शब्द मुळात आंबट-कडवट फळाचा होता. गोड फळे निरनिराळ्या प्रदेशांत पुढे निरनिराळ्या वाटांनी पोहोचली आणि बऱ्याच ठिकाणी त्यांना त्या वाटेवरील देशाचे किंवा बंदराचे नाव मिळाले. त्यामुळे शब्दाचा इतिहास आणि फळाचा इतिहास एकच समजल्यास अनेक चुका होतात. या शब्दाविषयी प्रचलित असलेल्या बहुतेक गैरसमजांचे मूळ याच घोटाळ्यात आहे.

फळाचे मूळस्थान

लिंबूवर्गातील फळांचा परस्परांशी सहज संकर होतो. पपनस आणि संत्रे (वनस्पतिशास्त्रात ज्याला मँडरिन म्हणतात ते) या मूळ जाती होत. आंबट नारिंग आणि गोड नारिंग ही दोन्ही फळे त्यांच्या संकरातून निर्माण झाली आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या वर्गाचे उगमस्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नान या पट्ट्यात दाखवले आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण शब्दाचे मूळ दक्षिण भारतात शोधले जात असताना फळाचे मूळ ईशान्येकडे सापडते.

संस्कृतातील रूपे

वैदिक वाङ्मयात हा शब्द आढळत नाही. आयुर्वेदाच्या संहितांतील फळवर्गात या फळाचा निर्देश आहे. चरकसंहितेत ‘नागरंग’ असे रूप आहे, तर सुश्रुतसंहितेत ‘नारंग’. दोन्हींत त्याचे वर्णन गोडसर-आंबट, अन्नाला रुची आणणारे, वातशामक आणि पचायला जड असे केले आहे. हे वर्णन आजच्या नागपुरी संत्र्यापेक्षा आंबट नारिंगालाच अधिक शोभते.

‘नागरंग’ आणि ‘नारंग’ या दोन रूपांतील मूळ कोणते, हा या शब्दाच्या इतिहासातील पहिला प्रश्न आहे. ‘नागरंग’ हे रूप अर्थपूर्ण दिसते, कारण त्यातील ‘नाग’ आणि ‘रंग’ हे दोन्ही शब्द संस्कृतात स्वतंत्रपणे आहेत. ‘नाग’ या शब्दाचे सर्प, हत्ती आणि शिसे असे अर्थ होतात. अमरकोशात शिशापासून होणाऱ्या शेंदराला ‘नागसंभव’ म्हटले आहे. त्यामुळे नागरंग म्हणजे ‘शेंदराच्या रंगाचे’ असा अर्थ लावता येतो आणि तो फळाच्या सालीला जुळतोही. त्याच कोशात ‘नागरंग’ या नावाबरोबर ‘ऐरावत’ हे नाव येते. ऐरावत हा इंद्राचा हत्ती. म्हणजे त्या काळी कोणीतरी ‘नाग’ या शब्दाचा अर्थ हत्ती असा घेतला होता असे दिसते.

एखाद्या शब्दाला एकाच वेळी शेंदूर आणि हत्ती असे दोन निराळे अर्थ चिकटतात, तेव्हा बोलणाऱ्यांना त्याचा मूळ अर्थ ठाऊक नसून ते तो शोधत असण्याची शक्यता अधिक असते. परभाषेतून आलेला अपारदर्शक शब्द ओळखीच्या शब्दांत बसवून घेण्याच्या या प्रवृत्तीला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ‘नारंग’ या रूपाची संस्कृत धातूंपासून समाधानकारक फोड होत नाही. ‘नागरंग’ची सहज होते. म्हणूनच ‘नारंग’ हे जुने आणि ‘नागरंग’ हे त्याला अर्थ देण्यासाठी घडवलेले रूप, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

हत्तीच्या अर्थावरून इंग्रजीत एक कथाही प्रचलित झाली आहे. एका हत्तीने रानात ही फळे इतकी खाल्ली की त्याचे पोट फुटले, आणि म्हणून झाडाला ‘नागरंग’ म्हणजे ‘हत्तीचे अपचन’ असे नाव पडले, असे ती कथा सांगते. ‘रंग’ या शब्दाला अपचन असा अर्थ नाही. मनोरंजन म्हणून ही कथा ठीक आहे, पण व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही.

द्राविडी मूळ

मल्याळममध्ये लिंबूवर्गातील फळाला ‘नारंगा’ आणि झाडाला ‘नारकम्’ म्हणतात. लिंबू म्हणजे ‘चेरुनारंगा’ (लहान नारंगा) आणि संत्रे म्हणजे ‘मधुरनारंगा’ (गोड नारंगा). तमिळमध्ये ‘नारत्तै’ हे झाड आणि ‘नारत्तंगाय्’ हे त्याचे आंबट-कडवट फळ. या फळाचे मिठात मुरवलेले लोणचे तमिळ घरांतून आजही केले जाते. तेलुगूत ‘नारिंज’ असे रूप आहे.

या रूपांतील शेवटचा घटक ओळखू येतो. द्राविडी भाषांत ‘काय्’ म्हणजे कच्चे किंवा भाजीचे फळ. मागील अनुनासिकामुळे त्याचा उच्चार ‘गाय्’ होतो आणि मल्याळममध्ये तो ‘ङ्ङ’ असा होतो. मल्याळममधील आंब्याचे ‘मांगा’ आणि नारळाचे ‘तेंगा’ हे शब्द याच पद्धतीने बनले आहेत. त्यांपैकी ‘मांगा’ पोर्तुगीजांनी उचलला आणि त्यापासून ‘मँगो’ झाला. ‘नारंगा’ हे रूप या मालिकेत स्वाभाविकपणे बसते. संस्कृतात मात्र फळांच्या नावांना ‘-रंग’ असा शेवट असण्याचे काही कारण दिसत नाही. द्राविडी मूळ मानण्यामागील हा सर्वांत बळकट आधार आहे.

पहिल्या घटकाचा उलगडा इतका सोपा नाही. तमिळ ‘नारु’ म्हणजे वास येणे. जुन्या तमिळमध्ये त्याचा अर्थ सुगंध येणे असा होता, पण आजच्या बोलीत तोच शब्द दुर्गंधीसाठी वापरतात. त्यावरून ‘नारंगा’ म्हणजे ‘सुवासिक फळ’ असा अर्थ अनेक पुस्तकांत दिलेला असतो. साल सोलताच दरवळणाऱ्या फळाला हे नाव शोभणारे आहे. पण तमिळ आणि मल्याळममध्ये दोन वेगळे ‘र’ आहेत आणि ते अर्थभेद करतात. वासाच्या ‘नारु’मध्ये एक ‘र’ आहे, तर ‘नारत्तै’ व ‘नारंगा’ यांत दुसरा. देवनागरीत किंवा रोमन लिपीत लिहिताना हा फरक नाहीसा होतो आणि दोन्ही शब्द एकच भासतात. त्यामुळे ‘सुवासिक फळ’ हा अर्थ आकर्षक असला तरी सिद्ध म्हणता येत नाही.

ईशान्येकडील फळाला दक्षिणेकडील नाव कसे मिळाले, या प्रश्नाचे उत्तर मल्याळममधील वापरातून मिळू शकते. तेथे ‘नारंगा’ हे एका फळाचे नाव नसून संपूर्ण वर्गाचे आहे. दक्षिणेत आधीपासून ठाऊक असलेल्या एखाद्या आंबट फळाचे नाव उत्तरेकडून आलेल्या नव्या फळाला देण्यात आले असावे आणि समुद्रमार्गे बाहेर जाताना ते त्याच फळाचे म्हणून रूढ झाले असावे. शब्द संस्कृतातून दक्षिणेकडे गेला, असे उलट मतही मांडले जाते. तेलुगू ‘नारिंज’सारखी रूपे तशी उसनी असू शकतील, परंतु मल्याळममधील झाड आणि फळ यांच्या नावांची जोडी त्या मताने स्पष्ट होत नाही.

पश्चिमेकडील प्रवास

फारसीत हा शब्द ‘नारंग’ असाच राहिला. अरबीत ‘ग’ हा ध्वनी प्रमाणभाषेत नसल्याने तो ‘नारंज’ झाला. फळाच्या या प्रवासाची एक दुर्मीळ लेखी नोंद उपलब्ध आहे. दहाव्या शतकातील अरब इतिहासकार अल-मसूदी याने लिहिले आहे की, नारंजाचे झाड हिजरी सन ३०० नंतर, म्हणजे इ.स. ९१२च्या पुढे, हिंदुस्थानातून आणले गेले. ते प्रथम ओमानमध्ये लावले गेले आणि तेथून बसरा, इराक व सीरियात पोहोचले. परक्या मातीत आणि पाण्यात त्याचा हिंदुस्थानातील मूळ सुवास आणि रंग उतरला, अशी तक्रारही त्याने नोंदवली आहे. ओमानचा उल्लेख लक्षणीय आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघणाऱ्या गलबतांचे ते नेहमीचे ठिकाण होते.

अरबांबरोबर हे फळ सिसिली आणि स्पेनमध्ये गेले. स्पॅनिशमध्ये त्याचे ‘नारांहा’ झाले, ग्रीकमध्ये ‘नेरांत्झी’, हंगेरियनमध्ये ‘नारांच’. पोर्तुगीजांनी पहिल्या ‘न’चा ‘ल’ करून ‘लारांजा’ म्हटले. १५१० साली गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीजांच्या तोंडी हेच रूप होते. म्हणजे सुमारे सहा शतकांपूर्वी या किनाऱ्यावरून बाहेर पडलेला शब्द ओळखू न येण्याइतका बदलून पुन्हा येथेच आला.

इटालियन आणि फ्रेंचमध्ये आरंभीचा ‘न’ गळाला. इटालियनमध्ये स्त्रीलिंगी नामापूर्वी ‘ऊना’ हे उपपद येते. ‘ऊना नारांचा’ असे जलद म्हणताना पहिला ‘न’ उपपदाचाच वाटू लागतो आणि ‘आरांचा’ उरतो. व्हेनिसच्या बोलीत हा ‘न’ आजही शिल्लक आहे. हा लोप इंग्रजीत ‘अ नॉरेंज’चे ‘अ‍ॅन ऑरेंज’ होऊन झाला, असे वारंवार लिहिले जाते. ते बरोबर नाही. इंग्रजीने हा शब्द चौदाव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचमधून घेतला, तेव्हा त्यात ‘न’ नव्हताच.

फ्रेंचमध्ये शब्दारंभीचा ‘आ’ जाऊन ‘ओ’ आला. त्यामागे सोन्यासाठी असलेल्या ‘ओर’ या शब्दाचा प्रभाव मानतात. फळाची सोनेरी साल आणि सोन्याचे नाव यांची सांगड घातली गेली. मध्ययुगीन लॅटिनमध्येही सोन्याच्या ‘आउरुम’वरून ‘औरांशियम’ असे रूप घडवले गेले. तेच लिनियसने १७५३ साली वनस्पतिशास्त्रीय नावात वापरले. भारतात ‘नाग’ आणि ‘रंग’ यांच्या बाबतीत जे घडले, तेच युरोपात सोन्याच्या बाबतीत पुन्हा घडले. यावरून हा शब्द मूळचा लॅटिन असल्याचा समज पसरला होता.

नेदरलँड्सच्या ऑरेंज राजघराण्याचे नाव मात्र फळावरून पडलेले नाही. ते दक्षिण फ्रान्समधील ऑरेंज या गावावरून आले. त्या गावाचे रोमन काळातील नाव ‘अराउसिओ’ होते. दोन्ही शब्दांचे उच्चार पुढे एकसारखे झाले आणि त्यामुळे घराण्याने तो रंग स्वीकारला. डच खेळाडूंचा नारिंगी गणवेश या योगायोगाची आठवण आहे.

गोड फळाची नवी नावे

अरबांनी नेलेले फळ आंबट होते. गोड फळ युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकांत प्रसृत झाले आणि त्यात पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. ज्या प्रदेशांना ते पोर्तुगालकडून मिळाले, त्यांनी त्याला पोर्तुगालचे नाव दिले. अरबी ‘बुर्तुकाल’, तुर्की ‘पोर्ताकाल’, फारसी ‘पोर्तेगाल’, ग्रीक ‘पोर्तोकाली’ आणि रोमानियन ‘पोर्तोकाला’ ही ती नावे. उत्तर युरोपात ते चीनचे फळ म्हणून ओळखले गेले. डच ‘सिनासाप्पेल’, जर्मन ‘आप्फेलझीन’ आणि रशियन ‘आपेलसीन’ या शब्दांचा अर्थ ‘चीनचे सफरचंद’ असा आहे. फारसीत आज तिन्ही फळांना तीन नावे आहेत: आंबट ते ‘नारेंज’, गोड ते ‘पोर्तेगाल’ आणि सुट्या सालीचे ते ‘नारेंगी’. ग्रीकमध्येही ‘नेरांत्झी’ म्हणजे फक्त आंबट फळ. जुन्या शब्दाने जुन्या चवीची साथ सोडली नाही, हे या भाषांत स्पष्ट दिसते. इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये मात्र जुनेच नाव गोड फळाने घेतले.

संत्रे

मराठीतील ‘संत्रे’ हा शब्द हिंदी ‘संतरा’ आणि फारसी ‘संगतरा’ यांच्याशी संबंधित आहे. पोर्तुगालमधील सिंत्रा या गावावरून तो आला, असा समज बराच काळ प्रचलित असून आजही तो ऐकू येतो. उच्चारसाम्यामुळे आणि पोर्तुगीजांनी अनेक फळे भारतात आणल्यामुळे तो सहज पटतो. अननस, पपई, काजू, पेरू यांच्या रांगेत संत्रे बसवणे मराठी माणसाला स्वाभाविक वाटते. परंतु त्याविरुद्ध दोन भक्कम पुरावे आहेत.

पहिला पुरावा काळाचा आहे. १५३० साली मृत्यू पावलेल्या बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांचे वर्णन केले आहे. त्यात त्याने ‘संगतरा’ हे फळ नारंजापासून वेगळे नोंदवले आहे. गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता येऊन तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती. एवढ्या अवधीत पोर्तुगालमधील एका गावाचे नाव फळासह उत्तर हिंदुस्थानात पोहोचून रूढ होणे आणि बाबराला ते या देशातील फळ वाटणे शक्य दिसत नाही. शतकाच्या अखेरीस अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त सिल्हेट प्रांतात होणाऱ्या ‘सुंतरा’ नावाच्या गोड फळाची नोंद केली आहे. सिल्हेट हे ठिकाण लिंबूवर्गाच्या मूळस्थानाच्या अगदी लगत आहे. नेपाळीत संत्र्याला आजही ‘सुन्तला’ म्हणतात.

दुसरा पुरावा फळाचाच आहे. संत्रे हे मँडरिन गटातील फळ असून त्याची साल सैल असते. हा गट युरोपात उशिरा गेला. इंग्लंडमध्ये त्याची रोपे १८०५ साली चीनमधील कँटनहून पोहोचली. जे फळ बाबराच्या काळात सिंत्रा येथे नव्हतेच, ते तेथून भारतात येणे अशक्य होते.

‘संगतरा’ या शब्दाचे मूळ निर्विवाद नाही. फारसीत ‘संग’ म्हणजे दगड, पण हाताने सहज सोलल्या जाणाऱ्या मऊ फळाशी दगडाचा संबंध जोडणे अवघड आहे. येथेही ‘नागरंग’प्रमाणे अनोळखी शब्दाला ओळखीचे रूप दिले गेले असण्याचा संभव आहे.

विदर्भात संत्र्याची लागवड नागपूरकर भोसल्यांच्या काळात सुरू झाली, असे सांगितले जाते. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. इंग्रजीत ते ‘नागपूर ऑरेंज’ म्हणून ओळखले जाते. शास्त्रीय वर्गीकरणानुसार ते ऑरेंज नव्हे, तर मँडरिन आहे. मराठीत मात्र ही अडचण येत नाही, कारण ‘संत्रे’ आणि ‘नारिंग’ हे शब्द मुळातच वेगळे आहेत.

मोसंबी

‘मोसंबी’ हे नाव आफ्रिकेतील मोझांबिकवरून आले असे मानले जाते. पोर्तुगीजांची जहाजे गोव्याला येताना तेथे थांबत. हिंदीत याच शब्दाचे ‘मौसमी’ असे रूप ऐकू येते. हंगामाशी त्याचा संबंध नसून ती पुन्हा एक लोकव्युत्पत्ती आहे. इंग्रजीत मोसंबीला भारतात ‘स्वीट लाइम’ म्हणजे गोड लिंबू म्हणतात. प्रत्यक्षात मोसंबी ही गोड नारिंगाचीच एक जात आहे. जालन्याच्या मोसंबीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनातही तिचे इंग्रजी नाव ‘स्वीट ऑरेंज’ असेच आहे. महाराष्ट्राच्या बाजारात शास्त्रीय अर्थाने जे खरे ‘ऑरेंज’ आहे, ते पिकल्यावरही बहुधा हिरवट-पिवळेच असते आणि ज्याचा रंग नारिंगी असतो ते ऑरेंज नसते.

याच कुळातील ‘पपनस’ हा शब्द डच ‘पोम्पेलमूस’शी जोडला जातो.

रंगवाचक शब्द

फळावरून रंगाला नाव मिळणे अनेक भाषांत आढळते. इंग्रजीत ‘ऑरेंज’ हा शब्द रंगासाठी सोळाव्या शतकात वापरात आला. त्यापूर्वी त्या रंगासाठी ‘पिवळा-तांबडा’ अशा अर्थाचा जोडशब्द होता. फारसीत ‘नारेंजी’ आणि हिंदीत ‘नारंगी’ हे शब्द आहेत.

मराठीला या रंगछटेसाठी शब्दांची उणीव कधीच नव्हती. केशरी, शेंदरी, भगवा हे शब्द वापरात होते आणि आहेत. त्यांना पूजा, वैराग्य, ध्वज यांचे संदर्भ आहेत. ‘नारिंगी’ला असा कोणताही संदर्भ नाही. त्यामुळे निव्वळ रंग सांगायचा असेल तेव्हा, म्हणजे खडूची पेटी, लुगड्याचा काठ किंवा इंद्रधनुष्यातील पट्टा यांच्या वर्णनात, तोच शब्द सोयीचा ठरतो. शालेय पुस्तकांतील तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा या क्रमातून तो प्रत्येक पिढीला शिकवला जातो. ज्या फळावरून हे नाव पडले, ते मात्र त्या पिढीला बहुधा संत्रे म्हणूनच ठाऊक असते.